टीव्हीवरच्या आवडत्या पात्रांच्या बाहुल्या घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी, गॅदरिंग आणि गणपती, या तिन्ही वेळांना कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतून पालक, शिक्षिका, मंडळांचे कार्यकर्ते आणि हौशी मुलं जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथं एकत्र केले आहेत. ज्याचं जिथं अडलंय त्यानं तोच प्रश्न वाचला तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. ताई, मी आजवर काहीच बनवलेलं नाही. पहिली बाहुली कोणत्या पात्राची करू?

गोल डोकं, मोठं तोंड, मोठे डोळे आणि अंगावर फार तपशील नाहीत, असं पात्र घ्या. डोरेमॉन यासाठी उत्तम. मान जवळजवळ नाही, कान नाहीत, केस नाहीत आणि तोंड तर भलं मोठं. २००६ मध्ये सुरू झालेल्या 'गली गली सिम सिम'मधली चमकी किंवा गुगली यांचाही विचार करा. ही पात्रं मुळातच हातात घालायच्या बाहुल्या होती, त्यामुळे पडद्यावर जे दिसतं ते तुम्हाला जसंच्या तसं करता येतं. छोटा भीम सोपा वाटतो, पण तो चपट्या चित्रातला आहे. समोरून एक आकार आणि बाजूनं वेगळाच, असं त्याचं होतं, म्हणून तो दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या.

२. हातमोजा बाहुली, बोलकी बाहुली, कळसूत्री यांत फरक काय? मला कोणती हवी?

हातमोजा बाहुलीत बोटं डोक्यात आणि दोन्ही हातांत जातात, तोंड हलत नाही. तोंड हलणाऱ्या बाहुलीत सबंध पंजा डोक्यात जातो, चार बोटं वर आणि अंगठा खाली. टीव्हीवरच्या बहुतेक मऊ बाहुल्या या जातीच्या, आणि या पानावरचे बरेचसे प्रश्न तिच्याचबद्दल आहेत. बोलकी बाहुली म्हणजे शब्दभ्रमकार मांडीवर घेऊन बसतात ती, कडक डोक्याची आणि पाठीमागून कळ दाबली की जबडा खाली येणारी (प्रश्न १२). कळसूत्रीला वरून दोऱ्या असतात. दूरचित्रवाणीचं पात्र ओळखू येतं ते बोलताना, त्यामुळे तोंड हलणारी बाहुली करा, असंच मी सांगेन.

३. सामान कोल्हापुरात मिळतं का, की पुण्या-मुंबईहून मागवायचं?

जवळपास सगळं इथंच मिळतं, फक्त ते 'बाहुलीचं सामान' म्हणून मागायचं नाही.

फोम सोफा आणि गाद्या दुरुस्त करणाऱ्यांकडे. अर्ध्या इंचाची (१२ मिलिमीटर) शीट मागा, डेन्सिटी ३२ किंवा त्याहून कमी. सोफ्याच्या बैठकीचा ४० डेन्सिटीचा फोम डोक्यासाठी कडक पडतो, वाकवला की सांधे उसवतात. पहिल्या बाहुलीला त्यांच्याकडची उरलेली कात्रणं पुरतात.

तोंडाच्या आतल्या प्लेटसाठी (प्रश्न ६) सुभाषनगरातल्या चप्पल कारागिरांकडे जा. चपलेच्या आतल्या तळाला लावतात तो बोर्ड किंवा पातळ रबर शीट प्लेटसाठी इतकी योग्य असते, की मला अजून त्याहून चांगलं काही सापडलेलं नाही. तिथंच 'सोल्युशन'ही मिळतं (प्रश्न ७).

हाताच्या काड्यांसाठी सायकलच्या दुकानातले जुने स्पोक किंवा मोडक्या छत्रीच्या काड्या. जबड्याची स्प्रिंग, बिजागरी किंवा एखादा लोखंडी दांडा वाकवून हवा असेल तर शिवाजी उद्यमनगरात. केसांसाठी विणायची लोकर. कागदी डोक्यासाठी शाडू कुंभार गल्लीत किंवा बापट कॅम्पला, पण गणपतीच्या आधी कुंभारांना फुरसत नसते, तेव्हा अनंत चतुर्दशी होऊ द्या.

या शहरात चामडं, माती, लोखंड आणि कापड या सगळ्यांचे जाणकार हात एकमेकांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. परदेशातून कॅमेरा आणण्याऐवजी तो इथंच घडवणारे बाबूराव पेंटर याच गावचे. बाहुली करताना या कारागिरांना जाऊन विचारा. मोबाईलवर पात्राचा फोटो दाखवला की ते स्वतःहून चार गोष्टी सुचवतात.

४. पात्राची उंची, डोक्याचं माप वगैरे कुठून काढायचं? इंटरनेटवर वेगवेगळं सापडतं.

बाहेरचं माप शोधूच नका. माप तुमच्या पंजापासून निघतं.

पात्र अगदी समोर बघत असेल तिथं भाग थांबवा आणि पडद्यावर पट्टी धरा. समजा तोंडाची रुंदी ४ सेंटीमीटर भरली आणि डोक्याची ६. आता तुमची चार बोटं जुळवून रुंदी मोजा. साधारण ८ भरली तर हालचालीला जागा सोडून तोंड १० सेंटीमीटरचं धरायचं. म्हणजे पडद्यावरचा १ सेंटीमीटर हा तुमचा अडीच सेंटीमीटर झाला, आणि डोकं १५ सेंटीमीटरचं. डोळे, नाक, कान सगळ्यांना याच अडीचनं गुणा.

समोरचा, बाजूचा आणि पाठीमागचा असे तीन फोटो हवेतच. पाठीमागचा फोटो लोक विसरतात आणि मग केस कुठं संपतात हे कळत नाही. मुलासाठी बाहुली करत असाल तर पंजाही मुलाचाच मोजा. मोठ्यांच्या मापाच्या बाहुलीत मुलाचा हात नुसता हेलपाटतो, तोंड हलतच नाही.

५. फोम तर सपाट असतो. त्याचं गोल डोकं कसं होतं?

पाकळ्या कापून. वरच्या मापाचं, म्हणजे १५ सेंटीमीटरचं डोकं घेऊ. त्याचा घेर सुमारे ४८ सेंटीमीटर. ४८ सेंटीमीटर लांबीची पट्टी घ्या, तिच्या वरच्या कडेवर ८ सेंटीमीटर रुंदीच्या सहा पाकळ्या आखा. प्रत्येकीची उंची घेराच्या चौथाईइतकी, म्हणजे १२. पाकळीच्या बाजू सरळ रेषेत कापल्या तर डोकं शंकूसारखं टोकदार होतं. बाजूंना बाहेर पोट हवं, आंब्याच्या पानासारखं. पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटवल्या की वरचा अर्धा गोल तयार. खाली गालांसाठी सरळ पट्टा ठेवा, तो तोंडाला जोडताना आपोआप आत वळतो.

फोम कात्रीनं कापू नका. कात्री फोम दाबते आणि कड तिरपी येते. पेपर कटरचं नवं पातं घ्या आणि एका ओढीत कापा. पातं बोथट झालं की लगेच बदला. मुलं सोबत असतील तर कापायचं काम मोठ्यांचं.

फोमच्या जाडीमुळे आतली जागा दोन-अडीच सेंटीमीटरनं कमी होते, हे आखतानाच लक्षात घ्या. डोकं लांबट, चौकोनी किंवा नासपतीच्या आकाराचं असेल तर पाकळ्यांचं गणित सोडा. फुग्यावर किंवा थर्माकोलवर आकार बांधा, त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद, वर मास्किंग टेपचे दोन थर. टेपवर पेनानं कापायच्या रेषा काढा, टेप कापून सपाट करा. हाच तुमचा कागदी नमुना.

६. तोंड नीट उघडत नाही. वरचा ओठ हलतो, खालचा तसाच राहतो. काय करू?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

आधी हात तपासा, बाहुली नंतर. पंजा चोचीसारखा धरा आणि बोला. बहुतेकांची वरची चार बोटं उचलली जातात आणि अंगठा जागेवर राहतो. त्यामुळे बाहुली प्रत्येक शब्दाला आकाशाकडे बघते. माणूस बोलताना कवटी स्थिर असते, जबडा खाली येतो. म्हणून वरची बोटं स्थिर ठेवायची आणि अंगठा खाली पाडायचा. आरशासमोर रिकाम्या हातानं याचा सराव करा. दोन-चार दिवस अंगठ्याचा मूळ भाग दुखतो, मग सवय होते.

हात बरोबर असूनही तोंड अडत असेल तर प्लेट बघा. ती दोन अर्धगोलांची असते, मध्ये कापडी बिजागरी. प्लेटची खोली तुमच्या अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यापासून बोटांच्या टोकांपर्यंत हवी. त्याहून खोल असेल तर बोटं ओठापर्यंत पोचत नाहीत आणि पुढची कड लोंबते. पुठ्ठ्याची प्लेट पहिल्या दिवशी छान चालते, घामानं मऊ पडली की संपली. बिजागरीला जाड कॅनव्हासची पट्टी दोन्ही बाजूंनी लावा.

प्लेटच्या मागं, फोमच्या आत, बोटांसाठी खिसे करा. वर चार बोटांसाठी एक रुंद इलॅस्टिकची पट्टी, खाली अंगठ्यासाठी वेगळा खिसा. खिसा नसेल तर तोंड मिटता येतं, पण उघडताना अंगठा प्लेटवरून सुटतो. खालचा ओठ हलत नाही याचं कारण दहापैकी नऊ वेळा हा खिसाच असतो.

तोंडाच्या आत गडद लाल किंवा काळं कापड लावा. पात्राच्या तोंडात दात नसतील तर दात घालू नका.

७. कोणता गोंद? फेव्हिकॉलनं फोम चिकटतच नाही.

लाकडाचा पांढरा फेव्हिकॉल फोमसाठी नाही. तो फोममध्ये मुरतो, उशिरा वाळतो आणि वाळल्यावर कडक रेघ राहते. सिंथेटिक रबरचा, फेव्हिकॉल एसआरसारखा पिवळसर गोंद लागतो. चपलेचं सोल्युशन त्याच जातीचं.

तो दोन्ही कडांना पातळ लावायचा आणि थांबायचं. बोट लावलं तर चिकट लागावं पण बोटाला काही येऊ नये, इतकं वाळू द्या. मग दाबा. एकदा टेकलं की हलवता येत नाही, तेव्हा एका टोकापासून थोडं थोडं जुळवत जा. घाई करून ओला असतानाच जोडला की सांधा उघडतो. हा गोंद थर्माकोल विरघळवतो, म्हणून थर्माकोलच्या डोळ्यांना तो लावू नका. त्याची वाफ डोक्यात जाते आणि लगेच पेटते. खिडकी उघडी, गॅस आणि देवापुढचा दिवा लांब, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत.

८. फ्लीसचं कापड मिळत नाही आणि रंगही जुळत नाही.

जुनी फ्लीसची जाकिटं, लहान मुलांच्या दुलया आणि थंडीच्या टोप्या बघा. कापडाला लव हवी आणि आडवा ताण हवा. ताण डोक्याभोवती आडवा येईल असंच कापा, उभा आला तर गालांवर चुण्या पडतात. मखमल दिसायला सुंदर, पण ताणत नाही आणि प्रकाशात चमकते, ती फक्त कपड्यांना वापरा.

रंगाबाबत टीव्हीवर विश्वास ठेवू नका. स्टुडिओचा प्रकाश, तुमचा टीव्ही आणि तुमचा मोबाईल, तिघंही वेगवेगळा रंग दाखवतात. पात्राचे वेगवेगळ्या भागांतले फोटो शेजारी ठेवा, त्यातला मधला रंग मनात धरा, आणि कापड दुकानाच्या दारात उजेडात नेऊन बघा. थोडा गडद आणि थोडा फिका यांत निवड करायची असेल तर गडद घ्या.

फ्लीस घरी रंगवता येत नाही. ते पॉलिएस्टर असतं, सुती कापडाच्या रंगाच्या पुड्या त्यावर चढत नाहीत. रंगवायचंच असेल तर सुती होजिअरी घ्या.

९. चेहऱ्यावरची शिवण दिसते. टीव्हीवरच्या बाहुल्यांना शिवणच नसते का?

असते, ती लवीखाली लपवलेली असते. दोन्ही कडा एकमेकींना समोरासमोर टेकवा. सुई एका कडेतून आतल्या बाजूनं काढा, समोरच्या कडेत अगदी तिथंच घाला, पुन्हा पहिल्या कडेत. टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे पडतात. पाच-सहा टाके झाले की दोरा ओढा, कडा आत वळून मिटतात. मग जुन्या टूथब्रशनं लव उलटसुलट विंचरा. शिवण डोक्याच्या मागं किंवा तोंडाच्या कोपऱ्यापासून खाली येईल अशी आखा, कपाळावर कधीच नको. हे सगळं हातानं होतं, शिवणयंत्र नसेल तरी काही अडत नाही.

१०. सगळं बरोबर केलंय, पण ते पात्र वाटतच नाही. चेहरा निर्जीव दिसतो.

डोळे. दुसरं कारण मी शोधतच नाही.

कपड्यांची बटणं, केसांचा भांग, शर्टावरच्या रेघा यांवर लोक आठवडे घालवतात आणि डोळे शेवटच्या संध्याकाळी चिकटवतात. खरं तर ओळख पटते ती डोळ्यांमधल्या अंतरामुळे, बुबुळांच्या दिशेमुळे आणि डोळे व नाक मिळून होणाऱ्या त्रिकोणामुळे. हा त्रिकोण बरोबर असेल तर अंगावर गोणपाट गुंडाळलेलं असलं तरी मूल पात्राचं नाव घेतं.

डोळे चिकटवण्याआधी टाचणीनं अडकवा आणि सहा-सात फुटांवरून मोबाईलवर फोटो काढा. डोळे अर्धा सेंटीमीटर जवळ घ्या, पुन्हा फोटो. वर, खाली, लांब, असे फोटो शेजारी ठेवून मूळ पात्राशी ताडून बघा. नुसत्या नजरेला जे कळत नाही ते फोटोत लगेच कळतं.

बुबुळं अगदी मधोमध लावली तर नजर शून्यात जाते. दोन्ही बुबुळं किंचित नाकाकडे घ्या. मग बाहुली समोरच्या माणसाकडे बघते आहे असं वाटतं. किंचित म्हणजे दोन-तीन मिलिमीटर, त्याहून जास्त झालं तर तिरळेपणा येतो. बुबुळाला चमकदार रंग नको, काळं रेक्झिन किंवा फेल्ट लावा. चमक असली की दिव्याखाली पांढरा डाग पडून नजर मोडते.

डोळ्याच्या गोलासाठी टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापा. अमेरिकी बाहुलीकार जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये पहिला कर्मिट बेडूक केला तो आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून, आणि डोळ्यांना असेच अर्धे चेंडू लावले होते. ती बाहुली आज अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मोठे डोळे हवे असतील तर प्लास्टिकच्या वाढायच्या चमच्यांचे खोलगट भाग कापून घ्या. पापणी असलेल्या पात्राला पापणी आवर्जून द्या. पापणीची एक तिरपी रेघ स्वभाव बदलते, आत उतरती असली की रागीट, बाहेर उतरती असली की बिचारा.

११. हात हलवायचे कसे? माझा एकच हात मोकळा आहे.

एका मनगटाला स्पोक बसवा, तो मोकळ्या हातानं चालवा. दुसरा हात पोटाशी किंवा कमरेवर टाचून ठेवा. काडी काळ्या, न चमकणाऱ्या रंगानं रंगवा आणि खालच्या टोकाला कापड गुंडाळून मूठ करा, नाहीतर तळहाताला टोचते. टीव्हीवरच्या बऱ्याच बाहुल्या डावखुऱ्या दिसतात याचं कारण हेच, चालवणाऱ्याचा उजवा पंजा डोक्यात असतो आणि डाव्या हाताला काडी येते.

काही पात्रं वस्तू उचलतात, खातात. त्यांच्या बाहीत खरा हात असतो, मोज्यासारखा, आणि दुसरा हात चालवायला दुसरा माणूस लागतो. भावंडांनी मिळून करायला हा प्रकार छान.

१२. तात्या विंचूसारखं कडक डोकं आणि खाली पडणारा जबडा करायचा आहे.

१९९३ च्या 'झपाटलेला'तला तात्या विंचू, पाध्ये घराण्याचा अर्धवटराव, लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा, ही सगळी रामदास पाध्ये यांच्या हातून आपल्या घराघरांत आली. कडक डोकं करायचं तर आधी त्यांचे प्रयोग चालू असतानाचे व्हिडिओ बघा. जबडा किती थोडा उघडतो आणि मान किती बोलते, तेवढंच लक्षात ठेवा.

शाडूचा चेहरा घडवा, त्याला तेलाचा हात लावा आणि कागदाचे तुकडे खळीत बुडवून थरावर थर द्या. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा. सहा-सात थरांनंतर कानांमागून कापून दोन अर्धे काढा, शाडू बाजूला करा, अर्धे जोडा. खळ मैद्याची असेल तर झुरळं आणि कसर लागते. मेथीची पूड मिसळा. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, मुलांच्या हातात जाणाऱ्या बाहुलीत नको.

जबड्यासाठी ओठांच्या कोपऱ्यांपासून हनुवटीपर्यंत दोन उभ्या फटी कापा आणि तेवढा तुकडा सुटा करा. आत आडवी तार, तिच्यावर तो झुलतो. वर खेचायला रबर, खाली पाडायला दोरी, दोरी मानेच्या दांड्यातून कळीपर्यंत. फट कागदाच्या जाडीपेक्षा थोडी मोठी ठेवा, कारण रंगाचे थर चढले की ती भरते आणि जबडा अडकतो.

१३. कार्टून नको, मालिकेतला माणूसच हवा. राणादा करता येईल?

येईल, पण हुबेहूब करायला जाऊ नका. मऊ फोममध्ये खरा माणूस हुबेहूब केला तर तो आजारी दिसतो. त्या माणसाच्या तीन खुणा निवडा आणि वाढवा. 'तुझ्यात जीव रंगला' आपल्या वसगड्यात चित्रित झाली, तेव्हा राणादाचे खांदे, मान आणि चालण्याची ढब इथल्या लोकांना पाठ आहे. पैलवानाची जाड मान आणि रुंद खांदे करा, डोकं त्या मानानं लहान ठेवा. बाकी काम आवाजाचं आणि कोल्हापुरी हेल सांभाळण्याचं. अभिनेत्याचा चेहरा वापरून विक्री करणार असाल तर प्रश्न १८ आधी वाचा.

१४. पौराणिक मालिकेतल्या देवाची बाहुली चालेल का?

कायद्याचा प्रश्न नाही, भावनेचा आहे. घरात, श्रद्धेनं, कथा सांगायला करत असाल तर हरकत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांनी आणि चित्रकथीनं, म्हणजे चित्रं दाखवत सांगितलेल्या कथांनी, पिढ्यान् पिढ्या रामायण-महाभारतच सांगितलं आहे. पण देवाच्या तोंडी विनोद घालणं, कार्यक्रम झाल्यावर बाहुली कोपऱ्यात टाकणं हे टाळा. मी स्वतः देवाऐवजी कथा सांगणारा भक्त किंवा गुरव करते, आणि मुलांना तो जास्त जवळचा वाटतो.

१५. बोलताना तोंड आणि शब्द जुळत नाहीत.

प्रत्येक अक्षराला तोंड उघडलं तर ते कपड्याला लावायच्या चिमट्यासारखं टकटक करतं. जोर असलेल्या स्वरालाच उघडा. 'काय करतोयस' याला दोनदा पुरे, 'का'ला मोठं आणि 'तो'ला लहान. प, फ, ब, भ, म ला मात्र तोंड मिटलेलंच हवं. आणि वाक्य संपलं की मिटा. बोलून झाल्यावर उघडं राहिलेलं तोंड सगळ्यांत आधी डोळ्यांत भरतं.

१६. ओठ न हलवता बोलायचं असेल तर?

वरची तीच पाच व्यंजनं नडतात. दात किंचित उघडे, ओठ सैल, आणि जीभ वरच्या दातांमागं. प च्या जागी त, फ च्या जागी थ, ब च्या जागी द, भ च्या जागी ध, म च्या जागी न, हे हलके म्हणायचे आणि मनात मूळ अक्षर धरायचं. ऐकणाऱ्याचा कान उरलेलं भरून काढतो. तरीही 'मामा' म्हणताना 'नाना' ऐकू येतं, म्हणून संवाद लिहितानाच काळजी घ्या. 'बाबा, मला भूक लागली' याऐवजी 'अहो, खायला काय आहे?' लिहिलं की एकही ओठांचं अक्षर येत नाही.

मुलांना हे सुरुवातीला शिकवू नका. पडद्यामागून बोलणारं मूल मोकळं बोलतं, आणि ते आधी हवं.

१७. जून ते सप्टेंबर बाहुल्यांना बुरशी येते, गोंदही वाळत नाही. उपाय?

आपल्याकडच्या पावसात नवं कागदी डोकं करूच नका. ते आतून ओलं राहतं आणि रंगाखाली कुजतं. फोमचं काम चालतं, फक्त गोंद वाळायला जास्त वेळ द्या.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, घाम धरतो. सुती पिशवी, वर्तमानपत्राचा बोळा डोक्यात आणि तोंडात, डांबरगोळ्या वेगळ्या पुरचुंडीत. डांबरगोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. वापरल्यावर आतला भाग पंख्याखाली वाळवा. कडक उन्हात टाकू नका, उन्हानं फोम पिवळा पडून भुगा होतो. तो काही वर्षांनी तसाही झिजतो, म्हणून कापड फोमला सगळीकडे चिकटवू नका. कडांना चिकटवलं तर उद्या कापड काढून नव्या फोमवर चढवता येतं.

बाहुली वर्गात अनेक मुलं घालणार असतील तर आत सुटा सुती मोजा शिवा, तो धुता येतो.

१८. माझ्या बाहुल्या लोकांना आवडतात. विकू का?

स्वतःच्या मुलासाठी करणं आणि विकणं यांत मोठा फरक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी, वैयक्तिक वापराला मोकळीक देतं. विक्रीला ती मोकळीक नाही. पात्राचं चित्र कुणाच्या तरी मालकीचं असतं, बऱ्याचदा नाव आणि आकृती ट्रेडमार्क म्हणूनही नोंदलेली असते. 'हातानं केली आहे', 'एकच केली आहे', 'खाली मूळ कंपनीचं नाव लिहिलं आहे', यांनी परवानगी मिळत नाही.

खऱ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट येते. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या आणि गाणाऱ्या बाहुल्या विकणाऱ्यांविरुद्धच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये गायकाच्या कंपनीच्या बाजूनं निकाल दिला. २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं अनिल कपूर यांचं नाव, आवाज आणि छबी परवानगीशिवाय वापरायला मनाई केली.

लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांसाठीची खेळणी त्यात येतात. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे.

हात बसला असेल तर स्वतःचं पात्र तयार करा आणि ते विका. कोल्हापूरच्या तालमीतला वस्ताद, गंगावेशीत धारोष्ण दूध देणारा गवळी, पंचगंगेच्या घाटावरची आजी. ती पूर्णपणे तुमची असतील.

१९. मग शाळेच्या गॅदरिंगमध्ये किंवा यूट्यूबवर दाखवायचं नाही का?

शाळेत विद्यार्थी आणि शिक्षकांनी, पालकांसमोर, शाळेच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून केलं तर कलम ५२ मध्येच त्याला जागा आहे. तिकीट लावलं, प्रायोजक आणला किंवा व्हिडिओवर जाहिराती चालू केल्या की ते खासगी राहत नाही. मालिकेचं शीर्षकगीत मागं लावलेलं असेल तर व्हिडिओ सहसा त्या गाण्यामुळेच अडतो. पात्र ओळखीचं असलं तरी गोष्ट आणि संगीत स्वतःचं ठेवा.

२०. आमच्या मंडळाला सजीव देखाव्यासाठी मोठी बाहुली हवी आहे.

रस्त्यावरून बघणारा माणूस पंधरा-वीस फुटांवर असतो. तिथं हातातली बाहुली दिसतच नाही. डोकं किमान दीड-दोन फुटांचं हवं, आणि ते हातात नाही, दांड्यावर. अर्ध्या इंचाचा फोम एवढ्या आकाराला खचतो. वेताच्या किंवा बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून वर फोम चढवा. जबडा दुसऱ्या कार्यकर्त्यानं दोरीनं चालवायचा. डोळे मूळ प्रमाणापेक्षा थोडे मोठे घ्या. हॅलोजनची उष्णता आणि वायरींपासून फोम लांब ठेवा, तो फार वेगानं पेटतो आणि विषारी धूर करतो. वाळूची बादली देखाव्यामागं हवीच.

२१. हिरव्या पात्राचा व्हिडिओ हिरव्या पडद्यासमोर काढला, पात्रच गायब झालं.

पडदा निळा घ्या. पात्रात हिरवा आणि निळा दोन्ही असतील तर साधी काळी चादर लावा आणि पार्श्वभूमी बदलायचा विचार सोडा.

२२. अडीच वर्षांच्या मुलीला ही बाहुली देऊ का?

सुटे डोळे, बटणं, मणी, काड्या असलेली देऊ नका. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी डोळे कापडाचे, चारी बाजूंनी शिवलेले किंवा भरतकामाचे हवेत. लोकरीचे लांब केस नकोत. फोमचा तुकडा चावून तुटतो, म्हणून फोम पूर्ण कापडाखाली झाकलेला हवा. खरं तर या वयात बाहुली तुम्ही चालवा आणि तिनं बाहुलीशी बोलावं, तिला तेच जास्त आवडतं.

२३. प्रत्यक्ष बाहुल्या जवळून बघायच्या असतील तर कुठं जाऊ?

कुडाळजवळ पिंगुळीला. घाट उतरला की एका दिवसात जाऊन येता येतं. कळसूत्री आणि चित्रकथी जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला, आणि त्यांच्या घराण्यानं तिथं या कलेचं संग्रहालय उभं केलं आहे. तिथल्या लाकडी बाहुल्यांचे डोळे आणि भुवया कशा रंगवल्या आहेत ते मुलांना बघू द्या, आणि प्रश्न १० त्यानंतर पुन्हा वाचा.

२४. तोंडाच्या कोपऱ्यात फोम फाटला. नवं डोकं करावं लागेल का?

नाही. ताण तिथंच येतो, प्रत्येक बाहुली तिथंच फाटते. कापडाची शिवण दोन इंच उसवा, फाटलेल्या दोन्ही कडांना गोंद लावून प्रश्न ७ प्रमाणे जोडा, आणि आतून पातळ होजिअरीचा तुकडा त्याच गोंदानं चिकटवा. दुसऱ्या दिवसापर्यंत हात घालू नका. मग शिवण पुन्हा प्रश्न ९ च्या टाक्यानं मिटवा. नवी बाहुली करताना हा होजिअरीचा तुकडा आधीच लावून ठेवलात तर ती कितीतरी जास्त टिकते.